जमिनीला मारलेल्या लाथा

सदा गेल्याची बातमी आली तेव्हा मी बंदराच्या गेटवर एका ट्रेलरवाल्याला शिव्या घालत होतो. गाडी आडवी लावून हा पठ्ठ्या चहा प्यायला गेलेला, मागे गाड्यांची ही रांग, आणि माझा आवाज असा काही लागला होता की पलीकडचा सिक्युरिटीवाला बाहेर येऊन बघायला लागला. फोन वाजला. शुभदाचं नाव दिसलं, मी कापला. पुन्हा वाजला. "काका, बाबा गेले. जेवून खुर्चीत बसले होते… तसेच." एवढंच बोलली. ट्रेलरवाला कप हातात घेऊन समोर उभा, मार खायच्या तयारीने. मी म्हटलं, जा बाबा, यल्ला, काढ गाडी. मग कठड्यावर बसलो, आणि पहिला विचार काय आला सांगू? माफी मागायची राहिली ती राहिलीच. मित्र गेल्याचं दुःख मागाहून आलं. आधी हे आलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

सदा म्हणजे सदाशिव पडवळ, गुहागरकडचा. मी संगमेश्वरचा. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात आम्ही अठरा वर्षं बरोबर काढली. जहाजावर चढवलेले कंटेनर लोखंडी रॉडने आवळून बांधायचे, हे आमचं काम. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे आम्ही आणि ते तापलेलं लोखंड. शुभदा त्याची एकुलती एक मुलगी, अबुधाबीत फिजिओथेरपिस्ट आहे. आई आधीच गेलेली. सदा गेल्यावर महिन्याभराने तीच म्हणाली, "काका, बाबांवर लिहा. पण गोड लिहू नका." तेव्हा गोड लिहीत नाही.

सदा मारकुटा होता. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या आठ जणांच्या खोलीत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने बादलीवरून एकाचं नाक फोडलं. मग डाळीवरून एकाला, पंख्याच्या बटणावरून दुसऱ्याला. पंजा म्हणजे नुसतं फावडं. आधी ओरडायचा नाही, धमकी द्यायचा नाही, सरळ हात चालायचा. लोक त्याच्या खाटेजवळून जाताना अंग चोरून जायचे. मीही काही गरीब गाय नव्हतो. माझीही तळपायाची आग मस्तकात जायला वेळ लागत नसे. कदाचित म्हणूनच आमचं जमलं. दोन भांडखोर माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात, आणि शक्यतो एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

या माणसाच्या हातात एका गोवेकर क्रेन ऑपरेटरने, कायमचा घरी जाताना, एक पेन ड्राइव्ह ठेवला. त्यात काय, तर शंभरेक वर्षं जुन्या होत आलेल्या हॉलिवूडच्या सिनेमांतली नाचगाणी. अख्खे सिनेमे नाहीत, फक्त गाणी. काळीपांढरी. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की सदा ती खोलीतल्या टीव्हीवर लावायचा. पहिल्यांदा लावली तेव्हा आम्ही सगळे हसलो. कोट घातलेला एक काटकुळा इसम हॉटेलच्या खोलीत उभा आहे, साधं बोलतोय, आणि बोलता बोलता त्याचे पाय वाजायला लागतात! बुटांच्या तळाला लोखंड. टक टक टकाटक… टेबलावर काय चढतो, खुर्ची काय फिरवतो, आणि चेहरा असा, की जसा शेजाऱ्याकडे चहाला आलाय. दुसऱ्या गाण्यात जिना, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या बायकाच बायका. तिसऱ्यात कॅमेरा छताला, आणि खाली त्या बायकांच्या पायांचं मोठं फूल उमलतंय, मिटतंय. मी म्हटलं, यातल्या एकीला शिंक आली तर? सदा मान न वळवता म्हणाला, "मुकादम कडक असणार."

खोलीतला एक जण मात्र हसायचा थांबेना. "ये तो शादी का वेटर है," म्हणून त्या नाचणाऱ्याची नक्कल करायला लागला. सदाने त्याला गळपट्टीला धरून असा भिंतीवर आदळला की कॅलेंडर खाली पडलं. आणि मग, त्याला तसाच भिंतीला दाबून धरून, सदा मला म्हणाला, "मध्या, नीट बघ. हा नाचत नाहीये. लाथा घालतोय. कोणावर तरी भयंकर चिडलाय हा माणूस. पण लाथा जमिनीला घालतोय." हातातला माणूस घुसमटत होता, आणि सदा त्या पडद्याकडे असा बघत होता की जणू त्याला त्याच्या ओळखीचं कोणी दिसलंय.

त्यानंतर मला ती गाणी तशीच दिसायला लागली, आजही दिसतात. गोवेकराने सांगितलं होतं म्हणे, की ही गाणी निघाली तेव्हा अमेरिकेत लोकांना काम नव्हतं, पावासाठी रांगा लागायच्या. म्हणजे रागच असणार सगळ्यांच्या पोटात. तो राग ते लोक थिएटरात घेऊन जात असणार, आणि समोर कोणीतरी गुळगुळीत फरशीवर तो असा हसत हसत झाडून दाखवत असणार. आणि खोटेपणा नाही हो! आताच्या गाण्यात क्षणाक्षणाला तुकडे, कधी नाक दिसतं, कधी कंबर. तिथे डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस, मिनिटं मिनिटं, मधे कापाकापी नाही. चुकला तर परत पहिल्यापासून. आमच्या धंद्यातही तसंच. एक रॉड सैल राहिला तर कंटेनर समुद्रात, सबब चालत नाही. सदाला हे फार आवडायचं. "सगळं दाखवतायत," म्हणायचा. "लपवत नाहीत काही."

पुढे त्याने खोलीच्या मागच्या भिंतीलगत शटरिंगच्या प्लायवूडची एक फळी टाकली. सेफ्टी शूजच्या तळाला वायसर ठोकले. कामावरून आला, कोणाचं काही डोक्यात गेलेलं असलं, की फळीवर. नाच म्हणावं असं सुरुवातीला काही नव्हतं, नुसता दणदणाट. पण तो गाणी बघायचा, परत फळीवर जायचा, परत बघायचा. वर्षभरात त्यात ताल आला. दुसऱ्या वर्षी तर त्या आडदांड माणसाचे पाय असे हलके पडायला लागले की जाणारे-येणारे उभे राहायचे. माझी खाट नेमकी त्या भिंतीला लागून. ठक ठक टकाटक, दोन वर्षं मी ते ऐकलं. शिव्या देत ऐकलं. पण एक खरं, त्या दोन वर्षांत सदाने कोणावर हात टाकला नाही.

मग माझे वडील गेले. मी एकटा मुलगा. सुट्टी मागितली, फोरमन म्हणाला, तीन जहाजं लागली आहेत, चार दिवसांनी बघू, इन्शाल्ला. वडिलांना चुलतभावाने अग्नी दिला आणि तो मी फोनवर बघितला. नेटवर्क अडकत होतं, ज्वाळा मधेच थांबायच्या, परत सुरू व्हायच्या. फोन खाली ठेवला, भिंतीकडे तोंड करून पडलो… आणि पलीकडून सुरू झालं. ठक ठक टकाटक. त्याला माहीत होतं. सकाळी माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता हाच माणूस! माझं डोकं फिरलं. दाराशी कंटेनर आवळायचा लॅशिंगचा रॉड पडला होता, तो उचलला, मागे गेलो, आणि काही न बोलता त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने घातला. जीव खाऊन घातला. हाडाचा आवाज रॉडमधून माझ्या हातात आला.

तो फळीवरच कोसळला. मी रॉड तसाच धरून उभा, आता हा उठणार आणि मला मारून टाकणार, मारू दे म्हटलं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. ते उठले नाहीत. घामाने निथळत, दात आवळून, त्याने मान वर केली आणि विचारलं, "खलास? झालं तुझं?" अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात पोलीस आले. सदा म्हणाला, "सीढी से गिरा, साहब." त्याने खरं सांगितलं असतं तर मी जेलात आणि तिथून थेट घरी. संध्याकाळी खोलीतला केरळी इलेक्ट्रिशियन माझ्याजवळ आला. "तुझे पता है? वो फोरमन को मारने जा रहा था, तेरी छुट्टी के लिए. आधे रास्ते से वापस आया और फळी पे चढ गया." हिंदीत बोलताना फळीला मात्र फळीच म्हणाला तो, आमच्या तोंडून ऐकून ऐकून.

गुडघा परत नीट वाकला नाही. सदाला स्टोअरमध्ये बसवलं. वायसर ठोकलेले बूट त्याने कुठे टाकले, मी विचारलं नाही. दहा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मी सुरुवात करायचो, "सदा, त्या दिवशी…" आणि तो म्हणायचा, "चहा घे." एकदा तर त्याने चिडावं, निदान एक ठेवून द्यावी, म्हणून मी मुद्दाम त्याचं जेवणाचं ताट भिरकावलं. त्याने लंगडत जाऊन ते उचललं, धुतलं, आणि परत वाढून घेतलं. असा राग आला त्याचा! मारका सदा मला परवडला असता.

गेल्या वर्षी त्याचं काम संपलं आणि शुभदाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं, अबुधाबीच्या खलिफा सिटीत, एका व्हिलाच्या खालच्या भागात. त्याचे दिवस झाल्यावर मी तिथे गेलो. तिने चहा ठेवला, समोर बसली आणि सरळ विचारलं. "काका, बाबांचा उजवा गुडघा मी वर्षभर रोज हातात धरलाय. शिडीवरून पडून असं होत नाही. उभ्या माणसाला बाजूने मार बसलाय, जड लोखंडाचा. असे पाय मी रोज बघते. कोणी मारलं?"

"त्याला विचारलंस?"

"शंभरदा. म्हणायचे, शिडी हलली." तिचा आवाज चिरका झाला. "मला नाव हवंय. मला तो माणूस एकदा बघायचाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. दहा-अकरा वर्षं गिळलेलं आणखी किती गिळणार? म्हटलं, "समोर बसलाय."

ती उठली आणि तिने मला मारलं. कानफटात एक, मग खांद्यावर, छातीवर, दोन्ही हातांनी. दिवसभर लोकांचे सांधे दाबणारे हात, जोर बापाचाच. चहाचा कप फुटला. मी हात वर केले नाहीत. ती दमली, खाली बसली, आणि म्हणाली, "का?" मग मी सगळं सांगितलं. वडील, त्या ज्वाळा, फोरमन, रॉड, फळी.

"कसली फळी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याने तिला सांगितलंच नव्हतं. बाप नाचायचा, हेच तिला माहीत नव्हतं. तिला फक्त लंगडणारा बाप माहीत होता. तिने फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाली, "रोज दुपारी टॅबवर ती काळीपांढरी गाणी लावायचे. उजवा पाय स्टुलावर, आणि डावा खाली हलत असायचा. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय." तिने टॅब आणला. गाणं लावलं. तोच काटकुळा इसम, तीच हॉटेलची खोली. शुभदा उभी राहिली आणि अनवाणी डावा पाय फरशीवर वाजवायला लागली. एक ठोका, मग मोकळी जागा, मग दोन, मग परत जागा. बापाचा पाय तिला वर्षभरात पाठ झाला होता, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

"इथे मधे उजवा काय करायचा?" तिने विचारलं.

मला माहीत होतं. दोन वर्षं भिंतीतून ऐकलं होतं. मी उठलो, तिच्या बाजूला उभा राहिलो, गाल अजून जळत होता, आणि तिने सोडलेल्या जागेत माझा उजवा पाय घाबरत घाबरत टेकवला.

"हळू काय मारताय?" ती म्हणाली. "तेव्हा हळू मारलं होतंत का?"

मी पाय उचलला आणि फरशीवर मारला.