"पोरींनो, पळा!" म्हणणाऱ्या बाई

बाई आम्हाला दिवसातून एकदा तरी घराबाहेर पळायला लावायच्या. रस्त्यावरून उसाचा ट्रक धडधडत गेला किंवा शेजारी बोअर मारायची गाडी आली, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पोरींनो, पळा!" आम्ही हातात असेल ते घेऊन अंगणात. कुणाकडे केमिस्ट्रीचं पुस्तक, कुणाकडे कंगवा. ट्रक निघून गेल्यावरही बाई निंबाच्या बुंध्याला टेकून उभ्या असायच्या, ओठ पांढरे पडलेले. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे मीच झोपताना चपला उशाशी ठेवू लागले.

लातूरच्या भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि आसपासच्या गावांतून बारावी करायला मुली एसटीनं उतरत होत्या. बाई शाळेत मराठी शिकवायच्या आणि त्यांनी घरात आम्हा चौघींना ठेवून घेतलं होतं. मी अहमदपूरची, माझ्या खोलीतली सविता हदगावची. बाई एकट्याच. औशाकडच्या गावी त्यांचं मातीच्या जड छपराचं, माळवदाचं घर भूकंपात बसलं आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, त्याखाली गेली, एवढं आम्हाला शेजारणीकडून कळलं होतं. लातूरच्या घरावर त्यांनी मुद्दाम पत्रे घातले होते. शाळेतही त्या तळमजल्यावरचेच तास घेत. जिना चढताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी मात्र फिजिक्स बंद. बाई अंगणात सतरंजी टाकायच्या आणि आम्हाला गोष्ट लिहायला लावायच्या. राजाराणीची नाही, आपली. पहिली पाळी आली तेव्हा कुणाला सांगितलं, पाहुणे बघायला आले तेव्हा ताई काय बोलली, असलं. मी एकदा लिहिलं, 'ती फार घाबरली.' बाईंनी वही परत दिली.

"घाबरली म्हणजे काय गं? कुठं घाबरली ते लिही. पोटात, पायात, का जिभेत?"

त्या स्वतः मात्र लिहीत नसत. सवितानं एकदा विचारलंच. बाई सतरंजीची दशी ओढू लागल्या. "लिहायला बसले की अक्का हाक मारती. मातीखालून. मग पुढचं वाक्य सुचत न्हाई," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

बारावीच्या हिवाळ्यात मला क्लासची भीती वाटू लागली. तिथं नोट्स वाटायला एक सर होते. तास सुटला की ते मला थांबवून घ्यायचे, झेरॉक्सच्या खोलीत बोलवायचे. एकदा त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं नाही. "घरी सांगितलंस तर तुलाच घरी बसवतील," म्हणाले. ते खरंच होतं. माझ्या वडिलांना, अण्णांना कळलं असतं तर बारावी तिथंच संपली असती आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. मी जेवेनाशी झाले. जिन्यात पाऊल वाजलं तरी हाताला घाम सुटायचा.

कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून रविवारी मी रेखा नावाच्या मुलीची गोष्ट लिहिली. रेखा क्लासला जाते, सर तिचं मनगट धरतात, तिची जीभ टाळूला चिकटते, ती झेरॉक्सच्या मशीनचा हिरवा उजेड जाताना-येताना बघत राहते. मी वाचत होते आणि सविता अचानक तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. मला वाटलं होतं, मी एकटीच आहे.

बाईंनी बाकीच्या मुलींना आत पाठवलं.

"रेखाचा क्लास कितव्या मजल्यावर हाय?"

"तिसऱ्या," मी म्हणाले. आम्ही दोघीही रेखाबद्दल बोलत नव्हतो.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "उद्या मी येते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. पहिल्या मजल्यापर्यंत बाई बऱ्या होत्या. दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या, भिंतीला तळहात लावून, जणू भिंतीची नाडी बघतायत. कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाई, तुम्ही खाली थांबा. क्लासच्या मोठ्या सरांना आम्ही बोलावून आणतो."

"न्हाई. जिथं झालं तिथंच बोलायचं."

मोठे सर खुर्चीत रेलून बसले होते. बाई उभ्याच राहिल्या. "माझा आवाज कापतोय, त्याच्याकडं ध्यान देऊ नका. मी काय म्हणते ते ऐका," अशी सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. मनगट, खोली, धमकी. मोठे सर हसले.

"मॅडम, या वयात मुली काहीही कथा रचतात."

"रचतात. मीच शिकवते त्यांना. म्हणून तर रचलेलं कुठलं अन् झालेलं कुठलं, ते मला कळतं."

तेवढ्यात लाइट गेली, गच्चीवरचा जनरेटर सुरू झाला आणि अख्खी फरशी गुरगुरू लागली. बाईंनी माझा हात पकडला. त्यांची नखं रुतली. मला वाटलं, आता त्या 'पळा' म्हणणार. त्या म्हणाल्या, "त्या माणसाला बोलवा. आत्ता. न्हाईतर ह्या दोघींचे बाप येतील, अन् मी त्यांच्या संगट पोलिसात जाईन."

तो माणूस पुन्हा त्या क्लासात दिसला नाही. दुसऱ्या क्लासात लागला असं पुढे ऐकलं. त्याचा राग अजून जात नाही.

अण्णांना बातमी कळलीच. ते माझी ट्रंक न्यायला आले. मी दाराआडून ऐकत होते. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "पोरीनं काही केलं न्हाई, भाऊ. आता घेऊन गेलात तर तिला जन्मभर वाटंल, आपणच काहीतरी केलं." अण्णांनी चहा प्यायला, बशी पालथी घातली. ट्रंक तिथंच ठेवून एकटे परत गेले.

मला मेडिकल मिळालं नाही. नांदेडला मराठी घेऊन शिकले, तिथंच शिक्षिका झाले, कथा लिहू लागले. बाई गेल्याचं सवितानं फोनवर सांगितलं. झोपेतच गेल्या, अंगणात, बाजेवर. मी फोन ठेवला आणि शाळेच्या व्हरांड्यात खाली बसले. मधली सुटी संपली तरी उठता येईना.

त्यानंतर रेखाची गोष्ट पुन्हा लिहून काढली आणि ती एका दिवाळी अंकात आली. दिवाळीला अहमदपूरला गेले, तर आईनं अंक वाचून ठेवला होता. अण्णा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले होते, घरात आम्ही दोघीच.

"त्या सराचं खरं हाय का गं?"

"हाव."

आईनं विळीवरची मेथी तशीच ठेवली. उठून दार लोटलं, परत येऊन माझ्या अगदी जवळ बसली.

"मी उमरीला मामाकडं शिकायला होते," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं जे झालं ते आजपर्यंत कुणाला बोलले न्हाई. तू लिहिशील का?"