थोरलीची गाठ आणि धाकटीचा संप

कपड्याची इस्त्री मोडली तर पुन्हा करता येते. पण थोरलीनं एकदा माणसाची इस्त्री मोडली की तो बरेच दिवस चुरगळलेलाच फिरायचा. पोटावर ताणून बटण उडालेला शर्ट घेऊन कुणी आला की ती भर दुकानात विचारायची, "बटण सुटलं, की पोट?" गिऱ्हाईक लाल व्हायचं आणि मागचे चार जण हसायचे. ते चारही आपला नंबर येईपर्यंतच हसत, हे सांगायला नको.

दुकान दोन सख्ख्या भावांचं, पण चालवायच्या त्यांच्या बायका. पुढच्या भागात थोरली इस्त्री करायची, मागच्या भागात धाकटी कपडे धुवायची. मधे प्लायवूडची भिंत आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी. धुतलेले, वाळलेले कपडे त्या खिडकीतून पुढं यायचे. दोघी जावा एकमेकींशी बोलत नसत. भांडणाचं कारण म्हणाल तर चहा. चार पाहुण्यांदेखत थोरली धाकटीच्या चहाला भांडी विसळलेलं पाणी म्हणाली होती, आणि धाकटीनं तो चहा शांतपणे थोरलीनं नुकत्याच इस्त्री केलेल्या गठ्ठ्यावर ओतला होता. तेव्हापासून अबोला.

पण धंदा म्हटला की बोलल्यावाचून भागत नाही. मग दोघी कपड्यांशी बोलायला लागल्या.

"शर्टा, तिला सांग, तुझी कॉलर धुतली की नुसती पाण्याला दाखवून आणली?" थोरली खिडकीत शर्ट धरून म्हणायची.

"चादरी, तिला सांग," पलीकडून यायचं, "कपड्यावर पडलेले डाग धुऊन जातात. डोळ्यांत पडलेत त्यांना मी काय करू?"

गिऱ्हाइकांना याची सवय झाली होती. शाळेतले मास्तर तेवढे कधीमधी म्हणायचे, "बाई, माझ्या पँटला नाही नाही ते शब्द शिकवू नका. ती घालून मला वर्गात जायचं असतं."

एक दिवस सरकारी दवाखान्यातली नर्सबाई आली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत गल्लीतल्या बायका जमवल्या आणि म्हणाली, "आज आपण आपले स्तन आपणच तपासायला शिकायचं."

बायकांनी हात छातीशी घट्ट बांधले, जसं काही नर्सबाई ते काढूनच न्यायला आली होती.

मागच्या बाकावरून थोरली म्हणाली, "नर्सबाई, एवढ्या शुद्ध नावानं त्यांना आजवर कुणी हाक मारली नाही. ते ओ द्यायचे नाहीत."

हशा पिकला. पहिल्या रांगेत धाकटीनं ओठ चावून धरले. जावेच्या विनोदाला हसणं म्हणजे तिच्या लेखी शरणागती होती.

नर्सबाई कसलेली होती. "नाव काहीही ठेवा," ती म्हणाली, "हात फिरला म्हणजे झालं." तिनं पिशवीतून रबराचा एक स्तन काढला आणि त्यावर दाखवायला लागली. मधली तीन बोटं घ्यायची. टोकांनी टोचायचं नाही, पेरांच्या सपाट भागानं फिरवायचं. लहान लहान गोल, आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोलवर. गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि बाजूला थेट काखेपर्यंत. आंघोळीत साबण असताना बोटं बरी सरकतात. आरशापुढं हात वर करून बघायचं, कातडीला कुठं खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, त्यातून काही येतंय का. पाळी संपली की थोड्या दिवसांनी, आणि जिची पाळी गेलीय तिनं महिन्याची एक तारीख धरायची.

"गाठ लागली म्हणजे कॅन्सरच का हो?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी की कशी, ते आपण घरी बसून ठरवायचं नाही. आणि दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तर अजिबात समजायचं नाही."

रबराचा स्तन हातोहात फिरत थोरलीकडे आला. त्यात मुद्दाम ठेवलेला दाणा शोधायचा होता. तिनं तो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी एवढा वेळ दिला असता तर मला इथं शिकायला यावं लागलं नसतं." यावर नर्सबाईसुद्धा तोंड फिरवून हसली.

पुढं काही दिवस दुकानात हीच नक्कल चालली. इस्त्री बाजूला ठेवून थोरली एखाद्याच्या शर्टाच्या छातीवर तीन बोटं फिरवायची, "लहान लहान गोल, बरं का बायांनो," आणि शर्टाचा मालक अंग चोरून उभा राहायचा. नक्कल बिनचूक यावी म्हणून एका सकाळी आंघोळीला बसल्यावर तिनं ती स्वतःवर करून पाहिली. हेतू एवढाच. आरोग्याचा विचार तिच्या डोक्याच्या आसपास फिरकलाही नव्हता.

डावीकडं काही नव्हतं. होतं ते वयानं जरा खालच्या मजल्यावर राहायला गेलं होतं, इतकंच. उजवीकडं काखेच्या बाजूला बोट अडलं. वाटाण्याहून मोठं, कडक, आणि ढकललं तरी जागचं न हलणारं काहीतरी.

"कोण गं तू?" थोरली म्हणाली. साबण डोळ्यांत गेला तरी तिला कळलं नाही.

मग तिनं स्वतःची समजूत घातली. इस्त्री दाबताना टेबलाची कड रोज तिथंच लागते. लागून लागून गुठळी झाली असणार. दुखत तर नाही. पण त्या दिवसापासून दुकानात तिचं तोंड बंद झालं. मास्तर आले, तर त्यांच्या पँटकडं बघून ती एक शब्द बोलली नाही. मास्तरांना राग आला. "बाई, माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याला सांगावं, तर तो डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा. त्याला गाठ कुठं सापडायची? आणि सापडली असती तर तो तिच्या आधी रडत बसला असता.

भिंतीपलीकडं धाकटीला चैन पडेना. टोमणा नाही, कुरकुर नाही. शेवटी तिनं पारख करायची म्हणून एक शर्ट मुद्दाम मळक्या कॉलरचाच पाठवला. थोरलीनं त्याला मुकाट इस्त्री केली आणि घडी घालून ठेवला. तेव्हा मात्र धाकटी घाबरली. तिनं टॉवेल घेऊन खिडकीत डोकं घातलं.

"टॉवेला, विचार तिला, जीभ गिळली का काय?"

थोरलीनं टॉवेल हातात घेतला. दुकानात कुणी नव्हतं. "टॉवेला, तिला सांग," ती म्हणाली, "मला छातीत गाठ लागलीय."

मागचा नळ बंद झाला.

भिंतीला दार नव्हतं. धाकटी ओल्या कपड्यांनिशी रस्त्यावरून वळसा घालून आली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि थोरलीपुढं उभी राहिली. "कुठं?" तिनं टॉवेलला विचारलं. थोरलीनं जागा दाखवली. धाकटीनं तीन बोटं टेकवली.

"टॉवेला, तिला सांग, हात आहेत की बर्फाच्या लाद्या!"

"टॉवेला, तिला सांग, गरम हवं असेल तर इस्त्री फिरवते."

आणि मग धाकटीची बोटं थांबली. मागं सरकली, पुढं आली, पुन्हा त्याच जागी थांबली.

"आहे," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात."

थोरलीनं कपडे नीट केले. टेबलाची कड, दुखत नाही, हॉटेलच्या चादरींचं मोठं काम आलंय, ते उरकलं की बघू, असं सगळं तिनं टॉवेलला पटवून दिलं. टॉवेल ऐकत होता. धाकटी ऐकत नव्हती. ती शटर वर करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मागच्या बाजूला हॉटेलच्या चादरींचा ढीग, आणि धाकटी त्या ढिगावर बसून नखं कापत होती. थोरलीपुढं गरम इस्त्री आणि रिकामं टेबल. बोलावं तरी कुणाशी? कपडाच नव्हता.

हॉटेलचा मॅनेजर आला आणि आरडाओरडा करायला लागला. थोरली म्हणाली, "साहेब, मागं जाऊन तिला सांगा, चादरी धू म्हणावं."

मॅनेजर वळसा घालून गेला आणि परत आला. "त्या म्हणतात, आधी दवाखाना, मग चादर. कसला दवाखाना? माझ्या हॉटेलात पाहुणे उघड्या गादीवर झोपायचेत!"

मास्तर उभे होते, शेजारचा किराणावाला उभा होता, सगळे थोरलीकडं बघत होते. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची लाज चव्हाट्यावर मांडली होती. आज स्वतःची एक गोष्ट सांगायला तिला घसा खाकरावा लागला.

"माझ्या छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "बघायचीय का, साहेब?"

मॅनेजर आपल्या बुटांकडं बघायला लागला. मास्तर मात्र वर्गात ओरडतात तसे ओरडले, "मग बाई, अजून इथं उभ्या कशाला?"

थोरलीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि प्लायवूडवर मूठ आपटली. "धाकटे! नखं झाली असतील तर चपला घाल. एकटीनं जायची नाही मी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला पाठवलं. तिथं यंत्राच्या दोन पाट्यांमधे छाती दाबली तेव्हा थोरली कळवळून म्हणाली, "अगं बाई, चादरसुद्धा मी एवढी दाबत नाही." मग सुईनं गाठीतला तुकडा घेतला. निकाल येईपर्यंतचे दिवस दोघींनी सरळ तोंडावर भांडून काढले.

निकाल आला. कॅन्सर होता.

"लहान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काखेत गेलेला दिसत नाही. गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढू, मग किरणांचे उपचार. पूर्ण स्तन काढायची गरज पडेल असं वाटत नाही."

"आणि आणखी वर्षभर टेबलाच्या नावानं खडे फोडत बसले असते, तर?"

"तर आपलं आजचं बोलणं वेगळं झालं असतं."

थोरलीनं टेबलाला, गाठीला आणि आपल्या दीडशहाण्या डोक्याला ओळीनं शिव्या घातल्या. धाकटीनं तिचा दंड असा काही धरला की तिथं काळंनिळं झालं. ऑपरेशनच्या जखमेबद्दल थोरली कधी कुरकुरली नाही, त्या दंडाबद्दल मात्र भेटेल त्याच्यापाशी कुरकुरली.

ऑपरेशन झालं, किरणं झाली. जड इस्त्री उचलायला बंदी होती. धाकटी धुवायचीही आणि इस्त्रीही करायची, आणि थोरली स्टुलावर बसून, भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करत, तिच्या प्रत्येक घडीला नावं ठेवायची. एक दिवस बोटं भिंतीवरच थांबली.

"तू केलंस का गं?"

"काय?"

"तपासून बघितलंस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मला तरी कुठं भरली होती?"

धाकटीनं कामं सांगितली. धुणं पडलंय, माणसं येतील, उद्या बघू. थोरलीनं उठून खिडकीत बैठक मारली आणि कपड्यांचा रस्ता अडवला. तासाभरानं धाकटी पाय आपटत मागच्या न्हाणीघरात शिरली. थोरली स्टूल घेऊन दाराबाहेर बसली.

"तीन बोटं! टोकं नाहीत, पेरं!"

"माहितीय!"

"काखेत गेलीस का?"

"अहो जाऊबाई, जरा हळू. सगळ्या गल्लीला कळू द्यायचंय का, मी कुठवर पोचले ते?"

"कळू दे. दाबून बघ, नुसतं गोंजारू नको."

आत पाण्याचा आवाज थांबला. थोरलीनं वाट पाहिली. आतून काही आलं नाही.

"काय गं?"



"धाकटे!" थोरलीनं डाव्या हातानं दार बडवलं. "बोल की! काय लागलं?"

"साबण पडलाय, तो शोधतेय," आतून धाकटी वैतागून म्हणाली. "एका बाजूला काही नाही. दुसरी व्हायचीय. तुम्ही गप्प बसलात तर होईल."

"मग कर. मी कुठं अडवलंय?"

थोरली गप्प राहिली. आपण स्टुलावरून कधी उठलो हे तिला कळलंच नव्हतं. आत पुन्हा पाणी वाजायला लागलं, तरी ती दाराला कान लावून तशीच उभी होती.