अप्पांचं अळणी

अप्पांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो दातांवर वाजत होता. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. ओपीडीच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत ते बायकोच्या खांद्याचा आधार घेत आले होते. पाय फाकवून, नांगरलेल्या रानातून चालावं तसे. जीभ जड झाली होती. "शरणार्थ, डॉक्टरसाहेब" एवढं म्हणायलाही त्यांना वेळ लागला.

मी नाडी बघितली नाही. जीभ बघितली नाही. सरळ विचारलं, "अप्पा, गांजा ओढलात का?"

अप्पांनी मान खाली घातली. "हाव साहेब. एक दम. शिवरात्रीला."

शेजारी उभ्या असलेल्या गंगाक्का, म्हणजे त्यांची बायको, नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

"माझ्यासमोर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला होता तुम्ही."

"ठेवला होता."

"मग?"

"मंग काय साहेब. मोडली शपथ. म्या खोटं न्हाई बोलणार."

माझ्यापुरतं निदान झालं. गांजा ओढला, म्हणून हात थरथरतात, पाय लटपटतात, जीभ अडखळते. मी अप्पांना ॲडमिट केलं. सिस्टरला सांगितलं, "यांच्या गोळ्या समोर उभं राहून द्या. एकही चुकता कामा नये." वर अप्पांना म्हणालो, "घरी गोळ्याही टाळल्या असतील तुम्ही."

"न्हाई साहेब. गोळी रोज घेतली. बिलकुल खाडा न्हाई."

हेही खरं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं.

मी मनोविकारतज्ज्ञ. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे पाट्या आधी आणि यंत्रं नंतर. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका ट्रस्टनं छोटा दवाखाना काढला होता, तिथं मला नोकरी मिळाली. नांदेड, लातूर, उदगीर या सगळ्या पट्ट्यात माझ्या विषयाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. त्यात पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली. दवाखान्यालाही टँकरचं पाणी.

विश्वनाथअप्पा उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडते. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, खरेदीदारासमोर ठेवायचा, भाव जमवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या आजाराला आम्ही तेव्हा एमडीपी म्हणायचो, आता बायपोलर म्हणतात. मनाचं पारडं एकदा वर जातं, एकदा खाली. वर गेलं की माणसाला झोप लागत नाही, बोलणं थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. खाली गेलं की उठून तोंड धुणंही डोंगर वाटतो. यावर लिथियमची गोळी चांगली चालते. अप्पांना ती लागू पडली होती.

पण अप्पा गावाबाहेरच्या एका गोसाव्याच्या धुनीवर जाऊन बसत आणि तिथं चिलीम फिरे. त्यांच्या समाजात दारू-गांजा वर्ज्य, म्हणून हे चोरून. त्या चिलमीनंतर अप्पांचं पारडं वर गेलेलं मी एकदा बघितलं होतं. मोंढ्यात उभं राहून त्यांनी दुसऱ्याच्या तुरीची पोती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटली होती. काही पेशंटना गांजा असा उचलून फेकतो. तेव्हा गांजा बंद करा, हे मी सांगत होतो ते चूक नव्हतं.

चुकली माझी पद्धत. मी मुखेडचा. आमच्या आठवडी बाजारात बैलाच्या खोडीवरून भांडण झालं की विकणाऱ्याला शपथ घालायचे आणि प्रकरण तिथंच मिटायचं. कागदापेक्षा शपथ पक्की, हे लहानपणापासून बघितलेलं. ती दवाखान्यात आणावी ही अक्कल माझी स्वतःची. कुणाला बेलभंडार, कुणाला पोथी, कुणाला लेकराच्या डोक्यावर हात. माझे पेशंट गांजा सोडतात म्हणून आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी माझं कौतुकही केलं होतं. अप्पांना मी इष्टलिंगाची शपथ घातली. गळ्यात बांधलेलं ते लिंग त्यांच्या लेखी प्रत्यक्ष देव. हात ठेवताना अप्पा थांबले होते.

"साहेब, आधी एक सांगू का?"

"सांगा."

"गोळीनं वादळ थांबलं, खरं हाय. पर वारंच थांबलं बगा. भजनाला बसतो तर टाळ वाजून राहिला एवढंच कळतंय. आत काही शिरत न्हाई. एक दम मारला की भजन आत शिरतंय."

पेशंट गांजा का ओढतो, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला त्यानंतरही क्वचित मिळालं. त्या गोळीनं काहींना मन सपाट झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी डोस थोडा कमी करून बघता येतो, गोळी बदलता येते, निदान त्यावर बोलता तरी येतं. मी म्हणालो, "सवय होईल. ठेवा हात."

त्यांनी ठेवला.

आता पुन्हा वॉर्डात. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ओळख विसरले होते. गंगाक्कांना आईच्या नावानं हाक मारत होते. दंडाचे, मांडीचे स्नायू आपोआप उडत होते. रात्रीपासून उलट्या, जुलाब सुरू होते. आमचे सीनिअर फिजिशियन, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, राउंडला आले. त्यांनी डोळे बघितले, पाय हलवून बघितले.

"काय झालंय यांना?"

"गांजा, सर."

"कधी ओढला?"

"शिवरात्रीला."

"शिवरात्र होऊन पंधरवडा झाला की हो. पंधरवडाभर चढून राहणारा गांजा उदगीरला मिळतो का? मला तरी सांगा कुठं ते."

वॉर्डातल्या सिस्टर हसल्या. सर हसत नव्हते.

"डोळे लाल आहेत?"

"नाही सर."

"भूक?"

"पाणीसुद्धा टिकत नाही."

"गांजानं माणूस भाकऱ्या मागतो. रात्रभर तुमच्याच वॉर्डात होते ना? इथं कुणी चिलीम दिली का? गांजा असता तर सकाळी उतरला असता. हे वाढलंय. तुम्ही दिलंय काय यांना?"

मी "लिथियम" म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

लिथियम म्हणजे एक प्रकारचं मीठच. साध्या मिठाचं चुलतभावंड म्हणा. शरीराला दोन्ही सारखीच वाटतात. पोटात पुरेसं मीठ-पाणी जात असेल तर मूत्रपिंडं जास्तीचं लिथियम लघवीतून टाकून देतात. मीठ किंवा पाणी कमी पडलं की ती घाबरून मीठ धरून ठेवतात आणि त्याबरोबर लिथियमही. मग तीच गोळी, त्याच डोसला, विष होते. त्याची खूण म्हणजे हात थरथरणं, पाय लटपटणं, जीभ जड होणं, उलट्या, शेवटी झटके, बेशुद्धी. हे मी पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. आणि काल ओपीडीत माझ्यासमोर उभं होतं.

मी गंगाक्कांजवळ गेलो. "अक्का, अप्पा जेवत काय होते?"

"जेवण कसलं. अळणी धरलंय न्हाई का ह्यांनी."

"अळणी?"

"मिठाशिवाय. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून मिठाला हात लावला न्हाई. मी इचारलं, कामून? तर मनले, चूक झाली हाय, फेडतो. काय चूक ते सांगितलं न्हाई. काल तुमच्या म्होरंच कळलं मला."

"आणि पाणी?"

"पाणी कुठं हाय साहेब उदगीरला? टँकर येतो तवा येतो. त्यातबी ह्यांनी दुकानाम्होरं पाणपोई घातली. बाजाराला येणाऱ्या माणसाला पाणी पायजे मनून घरचा रांजण तिकडं. सोता दिवसाला तांब्याभर पिले तर पिले."

म्हणजे असं झालं होतं. मी शपथ घातली. ती मोडली. मोडल्याची शिक्षा अप्पांनी स्वतःच स्वतःला दिली, मीठ सोडून. दुष्काळानं पाणी तोडलं. आणि माझी गोळी ते इमानदारीनं रोज घेत राहिले. काल रात्री आणि आज पहाटे तर ती मीच सिस्टरला समोर उभं करून द्यायला लावलेली.

गोळी तत्काळ बंद केली. सलाइन लावलं. सलाइन म्हणजे तरी काय, मिठाचं पाणीच. रक्तातलं लिथियम मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. नांदेडला माझ्या ओळखीच्या एका लॅबमध्ये होती. नमुना बर्फात घालून नांदेडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. तो सगळ्यांच्या वस्तू नेई, त्यानं तोही विनातक्रार नेला. संध्याकाळी ट्रंक कॉलवर आकडा आला. लॅबवाल्यानं विचारलं, "पेशंट आहे ना अजून?"

रक्त मशीननं धुऊन काढायची सोय हैदराबादला. मी सरांना म्हणालो, "गाडी काढू या."

"रस्त्यात झटके आले तर काय करणार? गाडीत तुम्ही, मी आणि ड्रायव्हर. इथंच सलाइन चालू ठेवा. लघवी मोजत राहा. होत असेल तर माणूस वाचेल."

त्या दोन-तीन दिवसांत मला दुसरं काही सुचलं नाही. अप्पांच्या कॉटला लावलेल्या बाटलीकडे बघत बसायचो. गंगाक्का भिंतीला टेकून बसायच्या. दुसऱ्या दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पा जातील की राहतील हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. मुद्दाम आधी सांगितलं. अप्पा वाचल्यावर सांगणं सोपं झालं असतं.

"अक्का, हे गांजानं झालेलं नाही. माझ्या गोळीनं झालंय. मीठ-पाणी सोडू नका, एवढं मी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. शपथ मात्र घातली."

 त्या म्हणाल्या, "मीठ खा, एवढंच सांगायचं होतं?"

"हो."

"आन् परवा? तुमच्याकडं आणलं तवा तरी कळायला पायजे होतं की न्हाई?"

"तेव्हाच कळायला हवं होतं."

"तुमी देवाला मधी कामून घेतलं साहेब? आमी देवाच्या पाया पडतो. तुमी तर त्याला कंपाउंडर केलं."

मी उठून लघवीचं माप वहीत लिहिलं. 

अप्पा वाचले. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोला तिच्या नावानं हाक मारली आणि चहा मागितला. शुद्धीवर आल्यावर मी त्यांनाही तेच सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते.

"म्हंजी त्या एका दमानं काय न्हाई झालं?"

"या वेळी नाही."

"मंग म्या अळणी खाल्लं ते खामखाच की," असं म्हणून ते किंचित हसले. गंगाक्का उठून बाहेर गेल्या.

पण लिथियमचं विष मेंदूच्या मागच्या भागात, जिथून हातापायांचा तोल सांभाळला जातो, तिथं कधी कधी कायमची खूण ठेवून जातं. अप्पांची चाल पुढं काठीवर आली. बोटांची थरथर गेली नाही. उदगीरच्या मोंढ्यात तेव्हा रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवण्याची रीत अजून मोडलेली नव्हती. अडत्याचं सगळं कसब त्या बोटांत. अप्पांची बोटं रुमालाखाली स्थिर राहत ना. समोरच्याला भाव कळेना. वर्षभर त्यांनी धंदा रेटून बघितला, मग गादीवर पुतण्या बसू लागला आणि अप्पा पाणपोईशेजारी बाज टाकून बसू लागले. काही महिन्यांनी उदगीरच्या कॅम्पला गेलो तेव्हा त्यांनी मला तिथं बसवून घेतलं. माठाकडं बोट करून म्हणाले, "प्या साहेब. तुमच्यामुळं आता मीबी पितो."

मी दुसरी गोळी सुरू केली होती, कमी डोसनं. या वेळी टाळाच्या आवाजाबद्दल विचारलं आणि पुरतं ऐकून घेतलं. अप्पांनी गांजा पूर्ण सोडला असं मी म्हणणार नाही. त्यानंतर दोनदा ओढला. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी गंगाक्का त्यांना घेऊन आल्या. एकदा पारडं वर जायला लागलं होतं, ते वेळेत अडवता आलं.

बायपोलरच्या पेशंटला गांजा घातक आहे, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो. पण शपथ कुणालाच घालत नाही. किती ओढता, कधी ओढता, त्यातनं काय मिळतं, हे विचारतो. लिथियम लिहिताना मीठ, पाणी, उपासतापास, गावात टँकर येतो का, हे आधी विचारतो. नवे डॉक्टर म्हणतात, पेशंट खोटं सांगतात हो, कशावरून खरं मानायचं? तेव्हा मला अप्पा आठवतात. अप्पा माझ्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. मी जेवढं विचारलं, तेवढ्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं.