रॉबीने तोंडात धरून आणलेले बदक

सकाळी फिरावयास जाणाऱ्या मित्रहो, हा मजकूर वाचनालयाच्या फलकावर आजच लावीत आहे.

नगरच्या छावणीतले गोरे साहेब विलायतेस परतताना आपला शिकारी कुत्रा रॉबी माझ्याकडे ठेवून गेले, हे आपण जाणताच. आज माळरान ओलांडून तळ्याकाठी पोहोचताच त्याने पाण्यात उडी घेतली आणि लव्हाळ्यात अडकलेले एक बदक तोंडात धरून आणले. बदक जिवंत होते.

मी "सोड, सोड" म्हणत राहिलो, तो सोडीना. मेंढरांमागचा धनगर हसून म्हणाला, "रावसाहेब, आज कालवण झालं म्हना."

"आम्ही खात नाही, बाबा."

"तुमी न्हाई खात. पर त्यो?"

ओढावे, तर पक्षी मरणार. तेवढ्यात साहेब हात कसा पुढे करीत, ते आठवले. मी दोन्ही तळवे त्याच्यापुढे पसरले. रॉबीने बदक अलगद त्यांत ठेवले. एका पिसावरही दाताची खूण नव्हती. शिकारीच्या शिक्षणात इतकी हळुवारता असते, हे मला ठाऊक नव्हते.

मी हात उंचावताच बदक उडून गेले. रॉबीने आधी आकाशाकडे, मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि तो पुन्हा पाण्यात शिरला. त्याच्या मते चूक माझी होती. त्याची समजूत कशी घालावी, हे आपणांपैकी कोणी सांगेल काय?