उलटा 'मले'

आज लेकीच्या वहीत 'मले' या शब्दाभोवती लाल गोल दिसला आणि मी एकदम आमच्या गावच्या शाळेतल्या चिंचेखाली जाऊन बसले. सहावीत शालू आणि मी एक गुप्त भाषा काढली होती. नियम एकच, शब्द उलटा बोलायचा. 'मले भूक लागली' म्हणजे 'लेम कभू लीगला'. कच्ची चिंच चावत बोललेले ते आंबट आवाज अजून जिभेवर आहेत.

पुण्याकडून आलेल्या आमच्या बाईंनी आम्हाला पकडलं. नियम ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग 'लेम' चूक आहे. 'मला'चं 'लाम' होतं."

शालूने मान खाली घातली नाही. "बाई, भाषा आमी बनवली. तुमी कायले दुरुस्त करून राहिल्या?"

तेव्हा मला तो शालूचा आगाऊपणा वाटला होता. आज कळतं, बनवलेल्या भाषेतसुद्धा ती घरचं 'मले' सोडायला तयार नव्हती.

लाल गोलाशेजारी मी निळ्या पेनाने 'बरोबर' लिहिलं आणि सही केली.

"मॅडम रागावल्या तर?" लेक म्हणाली.

"सांगजो, मम्मीले विचारा."