न मोडणारा राखणदार

मावशी म्हणजे मोठं प्रस्थ! जंतूंच्या त्या प्रयोगशाळेत सर बदलले, विद्यार्थी आले-गेले, मावशी मात्र कोपऱ्यातल्या टेबलाला चिकटून. जंतू वाढवायचे आणि त्यांतलं कोणतं प्रथिन कधी मोडतं ते पाहायचं, हे त्यांचं काम. नमुना बर्फात टाकायच्या वेळी कुणी गप्पा मारायला आलं, की "तोंड बंद, नाहीतर बाहेर!" मग ते सर का असेनात.

त्यांचा जंतूही नमुनेदार. आई-पेशी पाण्याखाली देठाने चिकटलेली, आणि लेक तिच्यापासून सुटून पोहत निघते. लेकीच्या पोटात एक प्रथिन राखणदार होऊन बसलेलं असतं. थांब, एवढ्यात संसार नको, असं तो तिला बजावत असतो. पोहणं चालू आहे तोवर ते बरोबरच. पण वेळ झाली की पेशी आपल्याच कात्रीने त्या राखणदाराचे तुकडे करते, तेव्हा कुठे तिचं पुढचं आयुष्य सुरू होतं. मावशी नव्या मुलांना सांगायच्या, "त्याच्यावर राग नसतो बरं का. त्याचं काम झालं, एवढंच."

घरी मावशी आणि त्यांची एकुलती लेक. नवरा लेक लहान असतानाच गेला. लेक शिकली, दूरच्या शहरात तिला नकाशे काढायची नोकरी लागली, आणि तेवढ्यात मावशींना न्यूमोनियाने धरलं. लेक धावत आली. मावशी मरणाच्या दारातून परत आल्या त्या लेकीच्या सेवेने; खोटं कशाला बोला? पण बऱ्या झाल्यावरही लेकीने बॅग काढली, की मावशींना खोकला यायचा. सोंग नव्हतं हो, खराखुरा यायचा! लेक बॅग परत माळ्यावर ठेवायची. नोकरी गेली. एक भला माणूस तिची वाट बघून बघून थकला आणि त्याने दुसरीकडे लग्न केलं. शेजारणी म्हणायच्या, "लेक असावी तर अशी!" मावशी मान डोलवायच्या.

निवृत्ती जवळ आली तेव्हा सरांनी जंतूंचा एक नवा वाण दिला. त्यातला राखणदार असा बदललेला, की कात्रीला तो तोडताच येत नव्हता. मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी नुसत्या लांबत चालल्या होत्या, दोऱ्यासारख्या. एकीच्याही दोन होत नव्हत्या.

"खातात, वाढतात," सर म्हणाले, "पण पुढे काही नाही. शेवटी तशाच मरतात."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा नमुना बर्फात टाकायचा राहून गेला.

घरी लेक त्यांच्या गोळ्या डबीत भरत होती. कानांवरचे केस पांढरे झालेले. रोज समोर असून मावशींना ते आज दिसले. त्या स्वतः स्टुलावर चढल्या, माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"जा तू आता. माझं मी बघेन. मला खोकला आला तरी मागे वळू नकोस."

लेक चिडली नाही, रडलीही नाही. तिने बॅगेची चेन ओढून पाहिली. ती गंजून बसली होती.

"आता कुठे जाऊ, आई?" ती हळूच म्हणाली. मग तिने उठून खिडकी लावून घेतली. "धूळ येतेय. खोकला येईल तुला."

मावशी हमसून हमसून रडल्या. मेला खोकला मात्र त्या दिवशी आला नाही.