एका खुर्चीची खोली

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे. तिथे तो चौतीस वर्षं काचा घासतो आहे. पुढे काउंटरवर बसणाऱ्या मुली त्याला दशांश म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायच्या, आता तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो. पाव नंबरचा फरक गिऱ्हाइकाला कुठे कळतो, असं मालक म्हणाला की दशांश ती काच पुन्हा यंत्रावर चढवतो. "कळत नाही, पण डोकं दुखतं," एवढंच बोलतो. कधी कधी दिवसभरात त्याचं हे एकच वाक्य होतं.

घरी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्याच्याकडे येणारं माणूस एकच, बायकोचा धाकटा भाऊ. हा फ्रिज दुरुस्त करतो. दर रविवारी सकाळी दहाला यायचा आणि चपला काढता काढताच बोलायला लागायचा. सोफ्यावर डावीकडे तो, उजवीकडे दशांश. समोर पुस्तकांच्या फळीवर दोन छोटे स्पीकर. दशांश गाणं लावायचा आणि मेव्हणा गाण्याच्या वरून बोलत राहायचा.

"ताई ना दाजी, मला गप्प करायला दातांत पेन्सिल धरायला लावायची. पडली की हरलास. मी कायम हरायचो."

दशांश आवाज थोडा वाढवायचा. मेव्हणा त्याहून मोठ्यानं बोलायचा. साडेअकराच्या सुमाराला मान टाकून घोरायला लागायचा. आठवडाभर वाट पाहिलेलं गाणं दशांशला घोरण्यातून गाळून ऐकावं लागायचं. त्याचं डोकं उठायचं. पण त्या घरात 'ताई' म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दशांशच्या तोंडी बायकोचं नाव येत नसे. आलंच तर त्याला पुढचं वाक्य सापडत नसे. आठवड्यातून दीड तास ती घरात असायची, ती या बडबडीतून.

शरद ऋतू संपता संपता एका गिऱ्हाइकानं त्याला निरोप पाठवला. हा ध्वनिमुद्रण करणारा माणूस. त्याचा चष्मा दशांशनंच केला होता. त्याचा स्टुडिओ बंद होत होता आणि मोठे मॉनिटर स्पीकर कोणाला तरी द्यायचे होते.

"घरात ठेवणार? एवढे?" त्यानं विचारलं. "आणि एक सांगून ठेवतो. हे गोड बोलत नाहीत. जे आहे ते तसंच ऐकवतात."

"तेच पाहिजे," दशांश म्हणाला.

दोन हमालांनी ते वर आणले. कमरेएवढे उंच, काळे, प्रत्येकाला तीन शंकू. दशांशनं आठवडाभर रजा टाकली. बायको गेल्यानंतरची पहिलीच. मालकाला वाटलं, कोणीतरी गेलं असावं.

त्यानं स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, पाणसळ लावून सरळ केले, मोजपट्टीनं त्यांच्यातलं अंतर घेतलं, आणि तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याची जागा काढली. तिन्ही बाजू सारख्या. पहिल्यांदा गाणं लावलं तेव्हा पियानोच्या साथीनं गाणारी एक बाई होती. सूर लावण्याआधी तिनं घेतलेला श्वास त्याला ऐकू आला. वीस वर्षं तो ती रेकॉर्ड ऐकत होता. श्वास त्याला ठाऊकच नव्हता. खोलीच्या मधोमध, हवेत, एक जिवंत माणूस उभं होतं. त्यानं डोकं हातभर उजवीकडे नेलं. माणूस उजव्या स्पीकरमध्ये जाऊन बसलं.

सोफा नडत होता. त्यावर मधोमध बसलं तरी मागची उंच पाठ आवाज खात होती, आणि दोघं बसले तर दोघंही चुकीच्या जागी. चष्म्याच्या काचेला एक मध्य असतो. तो डोळ्याच्या बाहुलीसमोर आला नाही तर सगळं घासणं फुकट. दशांशनं सोफा खालच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. एक साधी लाकडी खुर्ची आणली आणि जमिनीवर चिकटपट्टीचे चार तुकडे लावून तिच्या पायांच्या जागा पक्क्या केल्या. त्यानं खोलीचा चष्मा केला. चष्मा एकाच माणसाला बसतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

रविवारी मेव्हणा दारातच थबकला.

"दाजी, हे काय, दोन फ्रिज? दार कुठून उघडतं?" आणि मग, "सोफा?"

"दिला."

"बरं." त्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, दारापाशी भिंतीला लागून बसला. "इथं तर नुसतं धुमधुम होतंय. पोटात वाजतंय माझ्या."

"कोपऱ्यात खर्ज साचतो. तू इथं बस. खुर्चीवर."

"आणि तुम्ही?"

"मी उभा आहे. बस तू."

मेव्हणा अंग चोरून बसला. हात मांडीवर, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखा. दशांशनं गाणं पहिल्यापासून लावलं आणि तो त्याच्या मागे उभा राहिला. बाईनं श्वास घेतला.

"ऐकलास?"

"काय?"

"श्वास."

"हां, हां." थोड्या वेळानं त्यानं मान वळवली. "दाजी, ताईला ही बाई..."

"शू. डोकं हलवू नकोस."

मेव्हण्यानं डोकं हलवलं नाही. पूर्ण गाणं ऐकलं. छान आहे म्हणाला, फार स्वच्छ आहे म्हणाला, आणि चहा न घेता उठला. त्या दिवशी तो घोरला नाही. दार लावताना दशांशला आधी समाधान वाटलं, ते जेमतेम जेवणापर्यंत टिकलं.

पुढच्या रविवारी फोन आला. "जरा काम आहे, दाजी." त्याच्या पुढच्या रविवारी फोनही आला नाही. दशांश खुर्चीवर बसून राहिला. बाई समोर उभी राहून गात होती, अगदी हुबेहूब, आणि तिला या घरातलं काहीही माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तो मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हणा एका उघड्या फ्रिजमध्ये खांद्यापर्यंत घुसला होता.

"आला नाहीस."

"कामं आहेत ना." हात बाहेर काढून त्यानं चिंधीला पुसला. मग दशांशकडे न बघता म्हणाला, "खरं सांगू? तुमच्याकडे आता मला वाटतं, मी म्हणजे गाण्यावरचा ओरखडा. श्वास घ्यायलाही भीती वाटते."

दशांशनं त्या उघड्या फ्रिजचं दार उगाच थोडं हलवून पाहिलं.

"रविवारी ये," म्हणाला. "गाणं लावणार नाही मी."

मेव्हणा आला. दोघं स्वयंपाकघरात टेबलापाशी समोरासमोर बसले. दशांशनं चहा केला. स्पीकर बंद होते. घरात शांतता होती, नळाच्या थेंबासकट सगळं ऐकू येईल अशी.

"काम कसं चाललंय?"

"चाललंय."

"थंडी वाढली."

"हो ना. फ्रिजवाल्याचे वाईट दिवस."

दशांश वाट पाहत होता. त्याला सरळ विचारायचं होतं, तिच्याबद्दल काहीतरी सांग. विचारता आलं नाही. मेव्हण्यानं कप फिरवला, बिस्कीट मोडलं, दोन वेळा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा शांततेत स्वतःचाच आवाज ऐकून थांबला. इतकी वर्षं तो गाण्याच्या आडोशाला बोलत होता. बहिणीबद्दल असं उघड्यावर बसून त्यालाही बोलता येत नव्हतं. आपल्याला जे जमत नाही ते याला सहज जमतं, असं दशांश सहा वर्षं धरून चालला होता.

तो उठला, आत जाऊन त्यानं हळू आवाजात गाणं लावलं आणि परत येऊन बसला. पण मेव्हणा लगेच सावध झाला, मान खाली घालून ऐकू लागला. शिकवलं होतं तसं.

पाऊण तासानं तो निघाला. "येतो, दाजी."

"पुढच्या रविवारी?"

"बघू."

दार लागलं. आत बाई अजून गात होती. जिन्यात पहिल्या मजल्यावरची म्हातारी भेटली असावी, कारण खालून मेव्हण्याचा जुना, मोठा, रेकणारा आवाज आला, "काय आजी, तुमचा फ्रिज अजून रडतोय का?" आणि त्यावर दोघांचं हसणं.

दशांश घाईनं आतल्या खोलीत गेला आणि त्यानं गाणं बंद केलं. परत येऊन दाराला कान लावला. शब्द नीट कळत नव्हते. ताई म्हणाल्यासारखं एकदा वाटलं, पण खात्री नव्हती. म्हातारी हसत होती. तो श्वास रोखून उभा राहिला. मग पावलं उतरत गेली आणि खालचा दरवाजा लागला.